दुसऱ्या कॅनचं झाकण

घोकून आणलेलं उत्तर ऐकलं की मला शिसारी येते. त्या दिवशी ती ओळीने चार वेळा आली.

डेअरीत माझं काम झाकण हुंगायचं. कॅन उघडला की झाकण नाकाशी धरायचं आणि मान हलवायची. होकार असेल तर दूध टाकीत, नाहीतर कॅन परत. सगळे मला नाकवाले काका म्हणतात. त्या महिनाअखेरीला मी निवृत्त होणार होतो, पण नव्या माणसाला शिकवायला आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं डेअरीच्या मॅनेजर मॅडमनी कबूल केलं होतं. म्हणून मुलाखती घ्यायला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

मॅडम प्रत्येकाला विचारत, तुमची जमेची बाजू कोणती आणि उणीव कोणती. पहिला म्हणाला, काम मनासारखं झाल्याशिवाय मला चैन पडत नाही, हीच माझी उणीव. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याने तेच जरा लाजून सांगितलं. चौथा तर इतका गुळगुळीत बोलला की ऐकून हात धुवावेसे वाटले. उणीव विचारली तर हे लोक स्वतःच्याच गळ्यात हार घालून घेतात, आणि मॅडम खूश होऊन गुण देतात.

पाचवी चाळिशीची बाई होती. ती म्हणाली, "सर्दी झाली की माझं नाक बंद पडतं. वर्षातून तीन-चारदा होतं असं. त्या दिवशी मी झाकणाला हात लावत नाही, दुसऱ्याला हुंगायला सांगते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. नाकच भरवशाचं नसेल तर या कामाला आलात कशाला, असं त्यांनी विचारलं.

मला दरदरून घाम फुटला. माझं नाक दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं ते परत आलंच नव्हतं. बायकोलासुद्धा मी पत्ता लागू दिला नव्हता. रोज झाकण नाकाशी धरायचो आणि डोळा ठेवायचो कॅन ओतणाऱ्या हमालाच्या तोंडावर. त्याने नाक मुरडलं की माझी मान नकारार्थी हलायची. त्या दिवशी नेमका हमाल रजेवर होता आणि बदलीच्या माणसाच्या नाकातोंडावर फडकं बांधलेलं. सकाळचे सगळे कॅन मी बेधडक पास केले होते.

मॅडमनी शेवटी पाचही जणांना एकत्र आत बोलावलं आणि सकाळच्याच दोन कॅनची झाकणं मागवली. चौघांनीही ती हुंगली, मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही उत्तम म्हणून सांगितलं. बाईने दुसरं झाकण झटकन लांब केलं. सडक्या कांद्याचा वास आहे, जनावराच्या खाण्यात आला असणार, असं ती म्हणाली.

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी झाकण हुंगलं. नाकाला पत्र्याचा गारवा लागला, बाकी काही नाही. खरं बोललो तर वाढवून मिळालेली दोन वर्षं हातची जाणार होती.

"दोन्ही चांगली आहेत," मी म्हणालो.

बाईने वाद घातला नाही. पिशवी उचलली आणि जाता जाता माझ्याजवळ थांबली. "काका, मला सर्दी वर्षातून तीन-चारदा होते. तुम्हाला कधीपासून आहे?"

मॅडमना ते उद्धट वाटलं. त्यांनी तिच्या नावावर काट मारली, चौथ्याला नेमलं, बाकीच्यांना जायला सांगितलं आणि चहा मागवला.

चहा गरम होता, गोड होता. मी तो घटाघटा संपवला आणि कप खाली ठेवला. मॅडम रुमालात थुंकत होत्या. चौथा खिडकीबाहेर वाकून ओकत होता. चहावाला दारात नाक दाबून उभा होता. दूध टाकीतलं होतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मग तिघांनीही माझ्या कपाकडे पाहिलं. तळाला थेंबही उरला नव्हता.

"काका," मॅडम रुमालाआडून हळू म्हणाल्या, "ती बाई अजून फाटकाशी बसची वाट बघत असेल. तुम्हीच बोलावून आणा."

मी उठलो. त्या चौघांची मला आली नव्हती इतकी किळस आता माझी मलाच येत होती. फाटकापर्यंत जाताना मी तिला काय सांगायचं ते जुळवत होतो, आणि जे जे सुचत होतं ते सगळं घोकल्यासारखंच वाटत होतं.