नावाची पट्टी

“खोड ते,” मी म्हटलं.

वकील वाचता वाचता थांबला. “काय खोडू, आजी?”

“माझं नाव. आणि खाली सुनेचं घातलंयस, तेही.”

आमच्या संस्थेची सभा सामानाच्या खोलीतच भरते. बसायला वेगळी जागा नाही, म्हणून जो तो मिळेल त्यावर टेकतो. मास्तर चाकाच्या खुर्चीत, शेजारच्या बायका खाटेच्या कडेला, आणि वकील कमोडच्या खुर्चीवर, झाकण लावलेल्या. त्याला ते माहीत नव्हतं आणि आम्ही कुणी सांगितलंही नव्हतं.

आम्ही आजारी माणसांचं सामान वापरायला देतो. खाट, कुबड्या, वॉकर, पाण्याची गादी. पैसा घेत नाही. गरज संपली की परत आणून द्यायचं, एवढंच. माझा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा एका खाटेसाठी मी दारोदार हिंडले होते, आणि तो गेल्यावर तीच खाट डोळ्यांसमोर नकोशी झाली. शेजारी एक शिंपीण राहायची. दोघींनी मिळून हे सुरू केलं. मी चौथी शिकलेली, ती तर शाळेच्या दारावरूनच परतलेली. संस्था नोंदवायची तर नियमावली लागते म्हणाले. आम्ही घरातली कामं वाटून घ्यावीत तसे नियम सांगितले. अध्यक्ष कोण? मी, मरेपर्यंत. किल्ली कुणाकडे? शिंपिणीकडे, मरेपर्यंत. दोघींची नावं, आडनावासकट. ऑफिसातल्या माणसानं हसत हसत शिक्का मारला.

आता शिंपीण नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे, पण नियमात अजून मेलेल्या बाईचंच नाव. ते बदलायला वकील बोलावला, तर त्यानं एका दगडात दोन पक्षी मारले. किल्लीला सुनेचं नाव घातलं, आणि माझ्या नावाखाली ‘यांच्यानंतर अध्यक्ष’ म्हणून पुन्हा सुनेचंच.

“माझं नाव का नको?” सुनेनं विचारलं. आवाज खाली होता. तिचा आवाज खाली गेला की घरात भांडीसुद्धा वाजत नाहीत.

“घरी बोलू.”

“हा घरचा विषय आहे का? सगळ्यांसमोर खोडायला लावलंत, सगळ्यांसमोर सांगा.”

“कुणाचंच नाव नको.”

“कुणाचंच म्हणजे माझंच. तुमचं इतकी वर्षं होतं, तेव्हा नाही टोचलं कुणाला.”

बोलली ते वावगं नव्हतं. माझ्या पाठीला खाट झेपेनाशी झाली तेव्हापासून उचलते ती हीच. जिने चढवते, उतरवते. माणूस गेलेल्या घरातून गादी आणायची, धुवायची, उन्हात घालायची. कधी नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. तोंड मात्र माझ्यासारखंच, तिखट. म्हणून आमचं पटतं, आणि म्हणूनच पटत नाही.

मला उत्तर होतं, पण नीट मांडता येईना. मांडता येईना की माझी जीभ पुढे धावते. मी म्हटलं, “माझं नाव तिथं नवऱ्याच्या खाटेवरून आलंय. तुझं लग्नाच्या मांडवातून आलंय.”

जिभेला हाड नसतं ते हे असं. ती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. वकिलानं कागद आवरले. मास्तर म्हणाले, “पुढच्या रविवारी बघू.”

घरी तिनं माझ्यापुढे चहा ठेवला तो कपबशी न वाजवता. लेकाकडे पाहिलं, तर तो म्हणाला, “मला मध्ये ओढू नका. मी दोघींच्या हातचं खातो.” आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं, कालचं.

दोन दिवसांनी ती गादीच्या खोळी पिळता पिळता बोलली. “लोक म्हणतायत, म्हातारीला सोडवत नाही.”

“म्हणू देत. लोकांच्या तोंडाला झाकण नाही. वकिलाच्या खुर्चीला तरी होतं.”

तिनं तोंड फिरवलं. हसली असावी, पण दाखवेल तर शपथ.

मी खोळीचं दुसरं टोक धरलं. “शिंपीण आठवते ना तुला?”

“न आठवायला काय झालं?”

“शेवटची आठवते का, विचारतेय.”

तिनं पिळणं थांबवलं.

शिंपिणीनं एक पद्धत घालून दिली होती. सामान ज्याच्याकडे जाईल त्याचं नाव कापडाच्या पट्टीवर लिहून घ्यायचं आणि लाल दोऱ्यानं त्यावरून शिवायचं. ती पट्टी खाटेला, वॉकरला बांधायची. सामान परत आलं की आधी कात्री, मग बाकी सगळं. पट्टी कापल्याशिवाय वस्तू खोलीत घ्यायची नाही. माणूस बरा झालेला असो, नाहीतर गेलेला. शिंपीण म्हणायची, एकाच्या नावाखाली दुसऱ्यानं झोपू नये.

मग तिचं डोकं विस्कटत गेलं. एकदा एक माणूस आईसाठी खाट मागायला आला. आईला दवाखान्यातून घरी आणलेलं, गाडी रस्त्यात उभी. शिंपिणीला किल्ली सापडेना. सापडली तर देईना. “नियमात माझं नाव आहे,” म्हणाली. मी समजावलं, ओरडले, हात जोडले. शेवटी आम्ही कुलूप फोडलं आणि नवं लावलं. दुसऱ्या दिवशी ती आली. आपली किल्ली घातली, ती फिरेना. “गंजलंय वाटतं,” म्हणाली, आणि तेल आणायला घरी गेली. सांगायला कुणाची जीभ रेटेना. माझीसुद्धा. मग रोज यायची, कुलपात तेल सोडायची, किल्ली फिरवून बघायची, परत जायची. कुलूप इतकं गुळगुळीत झालं होतं की फुंकर मारली तरी उघडेल. फक्त तिच्या किल्लीनं उघडायचं नाही.

“ती बाटली मीच भरून द्यायचे,” सून म्हणाली. “तेलाची.”

हे मला माहीत नव्हतं.

रविवारी सगळे पुन्हा जमले. वकील त्याच खुर्चीवर बसला. मी दारात उभी राहिले, कारण दारात सकाळीच परत आलेली खाट पडली होती, पट्टीसकट.

“हिचं आधी काय करायचं?” मी सुनेला विचारलं.

“पट्टी कापायची.”

“का?”

“एकाच्या नावाखाली दुसऱ्यानं झोपू नये.”

“झालं तर मग. खाटेवर नाव ठेवत नाही आपण, अध्यक्षाची खुर्ची काय सोन्याची लागली? वकिला, लिही. दर दोन वर्षांनी हात वर करून अध्यक्ष निवडायचा. किल्ली त्याच्याकडे. नाव कुणाचंही घालायचं नाही. माझं आधी काढ.”

“आजी, मोठी माणसं नाव घालण्यासाठी भांडतात.”

“म्हणून तर त्यांची कुलपं फोडावी लागतात.”

सून माझ्याकडे पाहत होती. “आणि तुम्हाला नाही निवडलं तर?”

“तर नाही निवडलं!” मी ऐटीत म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला कुणी निवडणार नाही हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

नियम सगळ्यांना पटला. मास्तर म्हणाले, मग निवडही आजच उरकू. एका बाजूला मी, दुसरीकडे कुणीतरी सुनेचं नाव घेतलं.

आधी माझ्यासाठी हात. माझा वर गेला, इतकी वर्षं राबलेला हात आहे तो. मास्तरांचा गेला. आणि सुनेचा गेला, सरळ कोपरातून, माझ्याकडे न बघता. बाकीचे हात मांडीवरच राहिले.

मग सुनेसाठी. खाटेच्या कडेवरच्या बायका, ज्यांच्या घरी ती गाद्या पोचवते ते सगळे. मोजायची वेळच आली नाही. तिचा स्वतःचा हात तेवढा खाली होता.

मास्तर खाकरले. “पुन्हा एकदा घेऊ या का?”

“कशाला? मास्तर आहात, मोजता येतं ना तुम्हाला?”

मी कमरेची किल्ली सोडली. सून म्हणाली, “आई, राहू दे तुमच्याकडे. लागेल तेव्हा मागेन मी.”

“आत्ता केला नियम आणि आत्ताच मोडतेस? धर.”

तिनं धरली. घरी जाताना माझा हात सारखा कमरेकडे जात होता, आणि मी तो सारखा काढत होते.

पुढे माझ्या गुडघ्यानं दावा साधला. डॉक्टर म्हणाला, वॉकर घ्या. सून म्हणाली, घरीच घेऊन येते. मी म्हटलं, सगळे खोलीवर येतात, मीही येईन. भिंत धरत धरत गेले. माझ्यापुढे एक बाई कुबड्या घेत होती, तिचं होईपर्यंत थांबले.

सुनेनं मागच्या रांगेतला चांगला वॉकर ओढून आणला. खालची रबरं दाबून बघितली. मग कापडाची पट्टी घेतली, पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“नाव?” ती म्हणाली.

मी सांगितलं, आडनावासकट. तिनं सावकाश लिहिलं. पेन बाजूला ठेवून डब्यातून लाल दोरा काढला. तिला शिवण येत नाही, टाके वेडेवाकडे पडत होते. तरी अक्षर न् अक्षर तिनं शिवलं. मग खाली बसून ती पट्टी बांधायला लागली.

“गाठ फार घट्ट नको मारू,” मी म्हटलं. “तुलाच कापावी लागेल.”

तिनं ऐकलं नाही. एकावर एक दोन गाठी मारल्या, आणि दाताखाली धरून आवळल्या.