यिनह्वान कोण?

माझी धाकटी नणंद नदीपल्याड दिली, त्याच साली आमच्या डोंगरात बायकांचं भलं करणारी कंपनी आली. तोवर आमचं भलं करायला कुणाला सवड झाली नव्हती, त्यामुळं आम्ही सगळ्याच सभेला गेलो.

कंपनी तिरफळं घेणार होती, पण फक्त बाईच्या हातून. काट्यांत बोटं बाईची सोलतात आणि विकायला नवरा जातो, हे म्हणे शहरात बसून त्यांच्या ध्यानात आलं होतं. नाव पुकारल्यावर जी उठेल ती सभासद. जी उठणार नाही, तिचा माल नेहमीसारखा दलालाला.

कंपनीच्या साहेबानं यादीतून पुकारलं, "छाओ यिनह्वान."

कुणी हललं नाही.

"असली कुणी हितं नाय," दारात विडी ओढत उभा असलेला, दोउंच्या भावांतला चौथा म्हणाला. त्याला सगळे चौथाच म्हणत.

"पत्ता तर तुमच्या घराचा आहे."

"माझ्या घरात मी, पोरगा आन् बायकू."

"बायकोचं नाव?"

चौथा विचारात पडला. "ग्वेइशंगची आई."

"ते मुलाचं झालं. तिचं?"

"तिला हाक मारायला तेवढं पुरतं की."

ग्वेइशंगची आई माझ्याच शेजारी बसून सुईनं अंगठ्यातला काटा काढत होती. मी तिला कोपर मारलं. "अगं, छाओ तुझं माहेर ना?"

"व्हय. आई गेल्यापास्नं त्या नावानं कुणी हाक मारली नाय."

"मग आता मारतंय. बस काटं काढत."

बांधावरची सगळी झाडं तिनं लावलेली. दलाल चौथ्याचा चुलतभाऊ, आणि निम्मा माल दोघांच्या दारूत मुरायचा. साहेब 'बायकांना रस नाही' म्हणत पुढचं नाव वाचणार, तोच ती उठली.

"म्या हाय."

"बस खाली," चौथा म्हणाला. "तुला नाय बलीवलं."

"मलाच बलीवलंय. तुमास्नी ठावं नाय, एवढंच."

त्या सालापासून माल तिनं स्वतः घातला. कंपनीनं पाकिटावर तिचा फोटो छापला, खाली 'यिनह्वानमावशीची तिरफळं'. चौथा ते पाकीट बाजारभर दाखवायचा. कुणी नाव विचारलं तर म्हणायचा, "खाली लिवलंय की, वाच."

पुढं तिच्या थडग्याचा दगड घडवताना पाथरवटानं नाव विचारलं. या वेळी चौथ्यानं चटकन सांगितलं.

"तसलं नाव नगं," पाथरवट म्हणाला. "बाईचं घर आन् माहेर घालायची रीत हाय."

दगडावर 'दोउंच्या घरची, छाओंची लेक' एवढंच आहे. पाकिटावर जागा जास्त असते.

ग्वेइशंगला दुसरी मुलगी झाली त्या वर्षाच्या सहाव्या महिन्यात, तोडणी चालू असताना छाओ यिनह्वान वारली.