एका ओळीवरचं नाव

"ताई, लाल झालं तर पुन्हा चालवायचं. एवढं मनावर नाही घ्यायचं," टीमप्रमुख म्हणाला आणि तिच्या कीबोर्डपर्यंत हात लांबवून त्यानेच बटण दाबलं. चार मिनिटांनी प्रोग्राम तपासणाऱ्या सगळ्या चाचण्या पडद्यावर हिरव्या, म्हणजे पास झाल्या. बघा, अशा अर्थाने त्याने भुवया उडवल्या. जाता जाता हळूच सांगितलं की शुक्रवारी तिचे सहा महिने पुरे होतात, आणि ताईंच्या चाचण्या आल्यापासून हा लाल-हिरव्याचा खेळ सुरू झाला असं साहेबांच्या कानावर गेलंय. तिला कायम करायचं की नाही, ते तिथेच अडलं होतं.

ते तिला लागलं. अकरा वर्षांपूर्वी ती याच कंपनीत होती. मग लग्न झालं, मुलगी झाली, मग सासरे अंथरुणाला खिळले, आणि वर्षं कशी गेली ते कळलंच नाही. परत आली तेव्हा ओळखीचं एकही माणूस उरलं नव्हतं. विशीतली मंडळी तिला आदराने ताई म्हणायची आणि तितक्याच आदराने अवघड काम तिच्यापासून लांब ठेवायची.

या चाचण्या ज्याच्या होत्या तो पार्सल घरी कधी पोहोचेल हे सांगणारा, जावा या संगणकभाषेतला प्रोग्राम होता. रस्त्यांची खबर तो दुसऱ्या एका सेवेकडून मागवायचा. चाचणी घेताना खऱ्या सेवेला कोण त्रास देणार, म्हणून तिच्या जागी एक तोतया बसवतात. धंद्यातले लोक त्याला मॉक म्हणतात. विचारलं की 'रस्ता बंद' म्हण, असं त्याला पढवायचं आणि प्रोग्राम नीट वागतो का ते पाहायचं. हा तोतया गेला महिनाभर कधी पढवलेलं बोलायचा, कधी भलतंच. तिच्या लॅपटॉपवर मात्र अगदी शहाण्यासारखा वागायचा.

तिने एक वही केली. घर चालवलेल्या बाईचा नोंदींवर विश्वास असतो. लाल झालं की वेळ लिहायची, कोणती चाचणी पडली ते लिहायचं, आणि तेव्हा दुसरं काय चालू होतं तेही. मंडळींना त्या वहीची गंमत वाटे. बुधवारपर्यंत तेवीस नोंदी झाल्या. तेवीसच्या तेवीस वेळा 'रस्ता मोकळा'वाली चाचणी पडली तेव्हा 'रस्ता बंद'वालीही चालू होती. चाचण्यांसाठी महिन्यापूर्वी आलेलं ऑफिसचं नवं मशीन एका वेळी चार चाचण्या चालवत होतं, तिचा लॅपटॉप एकेकच, आणि तोतया सगळ्यांत मिळून एकच. एकीने पढवून पाठ फिरवली की दुसरी येऊन वेगळंच पढवायची. बिचारा शेवटचं ऐकलेलं सांगायचा.

खात्री करायला तिने दोन्ही चाचण्या आपल्या लॅपटॉपवर एकदम सोडल्या आणि पढवणं नि विचारणं यांच्यामध्ये मुद्दाम अर्धा सेकंद थांबायला लावलं. चाचणी पडली. पुन्हा चालवली, पुन्हा पडली. दहातल्या दहा वेळा. चाचणी पडली म्हणून खूश झालेली त्या मजल्यावरची ती एकटीच असावी.

प्रमुखालाही मनापासून आनंद झाला. त्याने सगळ्यांना गोळा केलं. तोतया एकच ठेवायचा हे डोकं कुणाचं, असं म्हणत त्याने त्या ओळीवर क्लिक केलं. ओळ कुणी आणि कधी लिहिली ते शेजारी उमटतं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि एका बाईचं नाव आलं. मंडळींना चेव चढला. हिच्यापायी महिनाभर डोक्याला ताप, कुणीतरी म्हणालं. हिला कुणी शिकवलं होतं की नाही, दुसऱ्याने विचारलं. बरं झालं, प्रमुख हसत म्हणाला, आता साहेबांना सांगता येईल की दोष ताईंचा नाही.

ते तिचंच लग्नाआधीचं नाव होतं. इथे त्या नावाने तिला कुणी ओळखत नव्हतं. नुसतं गप्प बसलं की शुक्रवार सुखरूप पार पडणार होता, आणि गप्प बसण्याची तर तिला चांगली सवय होती. पण ते हसणं तिला सोसवेना. त्या काळी प्रत्येक चाचणीला नवा तोतया लागायचा, त्यासाठी अख्खा प्रोग्राम नव्याने उठवावा लागायचा. फार वेळ जातो म्हणून चाचण्याच बंद करायच्या बेतात होते सगळे. सव्वीस वर्षांच्या एका पोरीने सुट्टीच्या दिवशी येऊन, सगळ्यांत एकच तोतया ठेवून त्या वाचवल्या होत्या.

"ती मी आहे," ती म्हणाली. "लग्नाआधीचं नाव आहे ते."

तिने पडद्यावरच्या त्या तारखेवर बोट ठेवलं.

"तेव्हा चाचण्या एकामागून एक चालायच्या. एक तोतया पुरायचा. तेव्हा ते बरोबर होतं, आता चूक आहे. दोन्ही माझंच. साहेबांना तसंच सांगा."

"ताई, हे सांगायची गरज नव्हती," प्रमुख म्हणाला.

"तुम्हाला नसेल."

साहेबांना तसंच सांगितलं गेलं. शुक्रवारी पत्र आलं: आणखी तीन महिने काम पाहू. प्रमुख तिच्याकडे न बघता म्हणाला, ती दुरुस्ती मी करतो. तिने नको म्हटलं.

प्रत्येक चाचणीला तिने आपापला तोतया दिला, नव्या मशीनला आता तेवढा वेळ परवडत होता, आणि ती जुनी ओळ काढून टाकली. नव्या ओळींशेजारी तिचं आताचं नाव उमटलं. मग कुणाच्या किती ओळी अजून उरल्यात ते पाहायची सोय उघडून तिने चौकटीत आपलं जुनं नाव लिहिलं. उत्तर आलं, शून्य. शेजारच्या पडद्यावर चाचण्या एकेक करून हिरव्या होत होत्या. त्या सगळ्या संपेपर्यंत तिने ते नाव चौकटीत तसंच राहू दिलं.