मेकॅनिकचे आठ मजले

माणसाने एकदा ठरवलं की त्याला कोणी अडवू शकत नाही. लिफ्ट मेकॅनिकला पहिल्याच जिन्यात गुडघ्याने अडवलं. पण डॉक्टरांनी रोज जिने चढायला सांगितलं होतं आणि "बाबा, तिसऱ्यावरच बसाल," असं लेकीने खिजवलं होतं. आठवा मजला गाठायचाच, असा चंग बांधून, पान्यांची पेटी सावरत तो चढत राहिला.

चौथ्यावर लिफ्टची वाट बघणाऱ्या आजींनी विचारलं, "अहो, लिफ्ट तुमची, आणि तुम्ही जिन्याने?"

"तब्येतीसाठी, आजी."

"कळलं हो, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो!" म्हणत आजी तरातरा जिना उतरू लागल्या.

आठव्यावर धापा टाकत त्याने खाली डोकावलं, तर अख्खी इमारत जिन्यावर होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला महिनाभर लिफ्टमध्ये बसून वर-खाली करायला लावलं.