तंगूस ओढायचा नाही

"तुह्या कुत्र्यानं माहा गळ गिळला, बुधरीबाई," पोचू कुंपणापासूनच ओरडला. "कोंबडीचं आतडं लावून ठेवला होता मी, सकाळी नदीवर जाचं म्हणून."

"मंग जमिनीवर काऊन ठेवला? आड्याले टांगता नाई आला?"

"माह्यं घर हाय. कुठीबी ठेवीन!"

भांडण तिथंच तुटलं, कारण काल्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. मान लांबवलेली, तोंडाला लाळ, आणि ओठाच्या कडेनं दोन हात तंगूस, मासे धरायचा नायलॉनचा दोरा, लोंबत होता.

बुधरी एकटी राहते. बारा शेळ्या घेऊन रोज जंगलात जाते. उन्हाळ्यात बांबूच्या रांजीत, दाट बेटात, वाघ बसला होता. काल्या आधी भुंकला म्हणून ती वाचली. काल्याशिवाय जंगलात पाऊल टाकायची तिची हिंमत नव्हती, आणि शेळ्यांशिवाय तिचं पोट भरत नव्हतं.

शेजारचा जंगू तांब्याभर मिठाचं पाणी घेऊन धावत आला. "पाज. फवारणीचं औषध पिलेल्या माणसाले हेच पाजून वाचवलं आपण. सारं बाहीर पडते."

बुधरीनं जबडा उघडला. पोचूनं तांब्यावर हात ठेवला. "थांब. गळाले उलटा काटा राह्यते. वर येतानी नरडं फाडीन."

"मंग तंगूस ओढ," जंगू म्हणाला.

"त्यानंबी तेच होईन, येड्या. कापाचा. मासा खोल गिळते तवा मी तंगूस कापूनच टाकतो." पोचूनं खिशातून ब्लेड काढलं.

"मासा तू खाऊन टाकतं," बुधरी म्हणाली. "मले काल्या जगवाचा हाय. आधी डाक्टरीणबाईले फोन लाव."

रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर येते. तिथून लावलेल्या फोनवर जनावरांच्या डॉक्टर दीपिका मॅडमचा आवाज तुटक आला. "मीठपाणी नको. खायला काही नको. ओढू नका, आणि कापू तर मुळीच नका. तो दोरा मला लागणार आहे. सैल धरून ठेवा, सगळा गिळू देऊ नका. लगेच आणा."

पुलावर दोन दिवसांपासून पाणी होतं. दवाखाना नदीपलीकडं, म्हणून जंगूनं डोंगा काढला. बुधरी काल्याला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली, पोचू समोर तंगूस धरून.

मध्यधारेत वाहून आलेला ओंडका डोंग्याला घासून गेला. काल्या भडकून उसळला.

"सोड न, पोचूभाऊ! फाटते त्याचं!" बुधरी ओरडली.

"सोडला तर सारा आत जाते. तू मान धर!"

काल्याचं तोंड जिकडं गेलं तिकडं पोचूचा हात गेला. डोंग्यात शिरलेल्या पाण्यात तो गुडघ्यावर सरकत होता. तंगूस एकदाही ताणला नाही, एकदाही सुटला नाही. लाळेत रक्ताची बारीक रेघ दिसली. जंगू वल्हवत राहिला.

दवाखान्यात मॅडमनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग एक लवचीक नळी तंगुसात ओवून घशात सरकवली. नळी गळापाशी टेकली तशी हलकेच आत दाबली. काटा सुटला, नळीच्या तोंडात शिरला आणि नळीसोबत बाहेर आला.

"दोरा कापला असता तर नागपूरला नेऊन पोट उघडावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "या पुरात नागपूर गाठलं असतं का तुम्ही?"

पोचूनं खिशातलं ब्लेड आणखी खोल सरकवलं. जरा वेळानं हळूच विचारलं, "मॅडम, गळ परत देता काय? चांगला हाय."

"तो मी घेऊन जाईन," बुधरी म्हणाली आणि गळ कागदात बांधला.

चौथ्या दिवशी पोचूला तो गळ आपल्याच पडवीत दिसला. आढ्याला, इतका उंच टांगलेला की काढायला खाट ओढावी लागली. खाटेवर चढला तेव्हा रस्त्यावर काल्या भुंकला. आवाज अजून बसलेला होता. मागून बारा शेळ्या आणि बुधरी जंगलाकडं निघाल्या होत्या.