काड्यांवर उभं कपाट

जावई म्हणाले होते, "बाबा, नुसते स्क्रू पिळून भागायचं नाही. फळीतून आरपार बोल्ट काढा आणि खालून लोखंडी पट्टी लावा." मी मान हलवली. मान हलवण्यात मी जन्माचा पटाईत.

कॅराव्हॅन आमच्या हिनं हट्टानं घेतली होती. मोटारीमागं जोडायची, चाकांवरची एक खोली. तिला एकदाच समुद्रापर्यंत जायचं होतं. मी आज-उद्या करत राहिलो आणि ती गेली. आता लेक म्हणाली, आईचं राहिलेलं आपण करू. सगळं सामान कॅराव्हॅनमध्ये गेलं, तर मोटारीत नातीशेजारी मला जागा होणार होती.

कॅराव्हॅनमधलं शेगडीचं कपाट तेवढं तळाच्या फळीपासून सुटलं होतं. गॅसची नळी त्यातूनच जाते. मी कोपऱ्यातलं, जमिनीवर अंथरलेलं लिनोलियम उचललं, तर खालची फळी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी पदरापदरानं निघाली. पट्टी लावायला गाडीखाली उताणं शिरायला हवं होतं. ते मला जमणार नव्हतं, आणि तसं सांगायला जीभ रेटेना. वाचनालयात चाळीस वर्षं नोकरी केली; तिथं पुस्तकांच्या मांडणीचा स्क्रू सैल झाला, की मी भोकात सरसात बुडवलेल्या काडेपेटीतल्या काड्या ठोकायचो. इथंही तेच केलं. कपाट ताठ उभं राहिलं.

"झालं?" लेकीनं विचारलं.

"झालं."

निघायच्या सकाळी नात आपली भातुकली घेऊन आत शिरली आणि त्याच कपाटाला टेकून बसली. वाचनालयातल्या मांडण्या कुठं प्रवासाला जात नाहीत, हे मला तेव्हा सुचलं. अक्कल नेहमी अशी उशिरा येते माझ्याकडे.

"जरा थांबा," मी म्हणालो. "ते कपाट... ओढून बघता?"

नातीला बाहेर काढून जावयांनी एका हातानं ओढलं. काड्यांसकट स्क्रू उपटून आले. नळी ताणली गेली.

"काय बाबा, काडेपेटीवर संसार मांडलात!" ते हसले, पण आधी सिलिंडर बंद केला.

लेक हसली नाही. "काल 'झालं' म्हणालात."

"म्हणालो."

"आईलाही असंच म्हणायचात. पुढच्या महिन्यात नक्की."

मी वाकून उपटलेले स्क्रू गोळा करू लागलो.

कॅराव्हॅन इथंच ठेवायची ठरली आणि सामान मोटारीत हललं. मागची सीट भरत गेली. शेवटी माझी पिशवी हातात घेऊन लेक दाराशी उभी राहिली. आत जागा शोधत होती की शब्द, कळेना.

"तुम्ही निघा," मी पिशवी घेतली. "माझी कंबर तशीही धरलीय."

कंबर बरी होती.

मोटार वळणाआड गेल्यावर मी कॅराव्हॅनमध्ये गेलो. काड्या वेचल्या. कपाट रेटून जागेवर आणलं, पण ते डुगडुगतच राहिलं. मग खाली बसून त्याला पाठ लावली. पाठ लावली, की ते हलायचं थांबत होतं. म्हणून तसाच बसून राहिलो.