डावा खांदा

ताईने काचेवर तेलाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाचं भिंग खाली आणलं. रक्त धाकट्या बहिणीचं होतं. चार दिवस राहायला आलेल्या धाकटीला सकाळी हुडहुडी भरली. मलेरिया असेल तर तासाभरात कळेल, म्हणून ताई तिला आपल्या प्रयोगशाळेतच घेऊन आली होती.

मलेरिया नव्हता. पण लाल पेशींत मधूनमधून एकेक काळा, गोल ठिपका होता, पेनाचं टोक टेकवल्यासारखा. ताईने काच सरकवली. तिथेही तेच.

असे ठिपके सगळ्यांच्याच रक्तात तयार होतात, दिसत मात्र नाहीत. डाव्या बरगड्यांखाली मुठीएवढी प्लीहा असते. तिच्या बारीक फटींतून प्रत्येक लाल पेशी अंग चोरून जाते, आणि धान्यातला खडा वेचावा तसा हा ठिपका तेवढा मागे राहतो. इथे ठिपके होते. वेचणारी नव्हती.

ताई बाहेरच्या बाकापाशी गेली.

"आत चल. पोट दाखव."

"काय गं, काहीतरीच तुझं!"

पण ती आली. वण छातीखालून बेंबीपर्यंत सरळ उभा उतरला होता.

"अपेंडिक्स काढलं म्हणाली होतीस. त्यासाठी इतकं फाडत नाहीत."

"तुझ्यापुढे खोटं टिकेल तर शपथ." धाकटी हसायला गेली, पण दातावर दात वाजले. "जिन्यावरून पडले गं. प्लीहा फुटली, काढली. तिच्यावाचून काही अडत नाही म्हणाले."

"ताप आला की अडतं. जंतूही तीच पकडते. लगेच दवाखान्यात जायचं, हे नाही सांगितलं कोणी?"

"ह्यांना सांगितलं असेल. कागद ह्यांच्याकडेच असतात."

ताईने पर्स उचलली. "कधी झालं हे?"

"गेल्या वर्षी. तुझ्याकडून परत गेले ना, त्याच संध्याकाळी."

ताईचा हात पर्सच्या चेनवर थांबला. तेव्हा धाकटी न कळवता आली होती, एका पिशवीनिशी. डावा खांदा दुखतोय, एवढंच म्हणाली होती. ताईने खांदा चाचपला. ना सूज, ना वळ. मलम चोळून दिलं, बाकी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवताना म्हणाली, "थोडं सांभाळून घे गं."

प्लीहा फुटली की रक्त पोटात वर, छातीच्या पडद्याखाली साचतं आणि दुखतो तो डावा खांदा. कॉलेजात हे तिला तोंडपाठ होतं.

रिक्षात धाकटीची नखं निळसर दिसू लागली. दवाखान्यात तिला आडवं करून सलाइन लावलं. ताईने काचेवर काय दिसलं ते सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी इंजेक्शन दिलं, मग कागद पुढे ओढला.

"प्लीहा कशामुळे काढली?"

"जिन्यावरून पडले," धाकटी डोळे मिटूनच म्हणाली.

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या.

"तिच्या घराला जिना नाही," ताई म्हणाली.

पेन थांबलं. धाकटीने डोळे उघडले नाहीत. ताईचा हात तिच्या डाव्या खांद्यावर होता. तो तिथे ठेवावा की काढून घ्यावा, हे ताईला कळेना.